थोडं सरकून घ्या : धाराशिव जिल्ह्यातल्या सरपंचांना खुलं पत्र

प्रति,
सर्व सरपंच, जिल्हा धाराशिव



हे पत्र जिल्हाधिकाऱ्यांना लिहा, असं मला ओळखीच्या काही जणांनी सुचवलं होतं. आरोग्याचा विषय, वरून आदेश निघाल्याशिवाय काही हलत नाही, असं त्यांचं म्हणणं. अनुभवाचे बोल आहेत, नाकारत नाही. पण जिल्ह्याच्या ठिकाणाहून औषध येतं, डॉक्टरची रिकामी जागा भरता येते. वर्षानुवर्षं डोक्याच्या गोळ्या खात सत्तरीला आलेल्या माणसाच्या शेजारी गावात कोण बसणार, हे तिथून ठरत नाही. ते तुमच्या हद्दीत ठरतं, म्हणून पत्र तुम्हाला. सरपंचताईंनी वाचावं, सरपंचबापूंनी वाचावं. आणि ताईंच्या वतीने सह्या करणारे त्यांचे मालक असतील, तर त्यांनीही वाचावं.

मी ज्यांच्याबद्दल लिहितेय ती माणसं तुमच्या गावात आहेत. मतदारयादीत त्यांचं पूर्ण नाव आहे, गाव मात्र वेगळ्याच नावाने हाक मारतं आणि ती हाक इथे छापण्यासारखी नाही. कुणाला ऐन विशीत स्किझोफ्रेनिया झाला आणि संसार मोडला. कुणाला बायपोलर आहे. काही महिने अंगात वारं शिरल्यासारखा फिरतो, काही महिने अंथरूण सोडत नाही. कुणी आयुष्यभर ठणठणीत होता. साठीनंतर पोरगा गेला, मागोमाग बायको गेली आणि तेव्हापासून बोलणंच थांबलं. तिघांचे आजार वेगळे, औषधं वेगळी. म्हातारपणी गत मात्र तिघांची एकच होते. जेवायला मिळतं, झोपायला गोठ्याशेजारी का होईना जागा असते, पण दिवसभरात त्यांच्याशी कुणी धड बोलत नाही. ‘जेवलास का’ आणि ‘तिकडं सरक’ यात दिवस मावळतो.

माझी एक मावशी कळंब तालुक्यात भावाकडे, म्हणजे माझ्या मामाकडे राहते. वय सदुसष्ट, आजार तरुणपणापासूनचा. मामा-मामीने तिला सांभाळलं हे मी चारचौघांत सांगते; आपल्याकडे हे आजार निभावतात ते घरच्या बायकांच्या कष्टांवर. तरी त्या घरात तिचं जर्मनचं ताट वेगळं आहे. आता त्यात भीती राहिलेली नाही, नुसती सवय. लग्नाच्या मांडवात तिला शेवटच्या पंगतीला बसवतात, पाहुणे पांगल्यावर. मध्यंतरी तिने भाकरी सोडली. चहा तेवढा प्यायची. घरात ठरलं, डोकं पुन्हा बिघडलं, गोळी वाढवून आणावी लागेल. मामीला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने मोबाइलची बत्ती लावून मावशीला ‘आ’ करायला लावलं. मागची दाढ किडून पार पोकळ झाली होती आणि हिरडी टम्म सुजलेली. दाढ काढली, मावशी भाकरी खायला लागली. मावशीने आधी सांगितलं नव्हतं का? सांगितलं असेल. पण तिच्या बोलण्याकडे लक्ष देण्याची सवय त्या घराला उरलीच नव्हती.

दाढेवर निभावलं. हृदयाच्या बाबतीत निभावत नाही. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपला समज असा की ती जीव देतात म्हणून जातात. काही जण देतातही. पण बहुतेक मृत्यू होतात ते हृदयविकाराने, मधुमेहाने, श्वासाच्या आणि संसर्गाच्या आजारांनी, म्हणजे ज्यांवर तालुक्याला इलाज आहे अशा दुखण्यांनी. काही गोळ्यांनी वजन आणि साखर वाढते, हे एक कारण. छातीत दुखतंय म्हटलं तर ‘त्याचं नेहमीचंच आहे’ म्हणून कुणी मनावर घेत नाही, हे दुसरं. आणि विडी, हे तिसरं.

विडीबद्दल जरा सांगू द्या, कारण यात गावाचा हात आहे. अशा माणसाकडून काम करून घ्यायची आपली जुनी रीत आहे. चार घागरी पाणी आणून दे, गोठा झाडून काढ, लाकडं फोड; मोबदला एक विडी, फार तर अर्धा कप चहा. पैसे द्या म्हटलं तर ‘त्याला काय कळतंय’. वर्षानुवर्षं अशी मजुरी विडीत चुकती केली की फुप्फुसं जातात. शिवाय विडीच्या धुराने काही औषधांचा रक्तातला अंश कमी होतो, म्हणजे गोळी खाऊनही ती पुरती लागू पडत नाही. बायकांची तीच गोष्ट मिश्रीची. सकाळी दात घासायला म्हणून सुरू होते आणि दिवसातून पाच वेळा बोट काळं होतं. गावात तंबाखूबंदी करा असं मी म्हणत नाही, ती टिकणार नाही. निदान काम करून घेतलं तर पैसे द्या. तेवढा ठराव तरी सोपा आहे.

दुसरी गोष्ट आपल्या उन्हाची. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. बायपोलरच्या काही रुग्णांना लिथियमची गोळी असते. घाम फार गेला आणि पाणी कमी पडलं की रक्तात तिचं प्रमाण चढतं. हात जास्त थरथरतात, जुलाब होतात, तोल जातो, माणूस ग्लानीत जातो. घरचे म्हणतात, ऊन लागलं. त्यातच गुडघे दुखतात म्हणून कुणीतरी वेदनाशामक गोळ्या किंवा इंजेक्शन देतं आणि त्यातल्या बऱ्याच औषधांनी लिथियम आणखी चढतं. म्हणून अशा घरात उन्हाळ्यात पाण्याचा तांब्या हाताशी हवा, आणि डॉक्टर कुणीही असो, आधी डोक्याच्या गोळ्यांचं पाकीट दाखवायला हवं. मनाने गोळी बंदही करायची नाही. हे सांगायला मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही. दवंडीचा भोंगा असलेली घंटागाडीसुद्धा सांगू शकते.

आता आकड्यांकडे येते, थोडेच आहेत. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरच्या ज्येष्ठांची मोठी पाहणी केली. प्रश्नावलीतून तपासलं तेव्हा साठीपुढच्या दर १०० जणांत ८ जणांना नैराश्याचा आजार असावा असं दिसलं. डॉक्टरने तसं निदान केलंय असं सांगणारे मात्र शंभरात एकही भरत नव्हते, ०.८ टक्के. आता आपल्या गावाचा हिशोब करा. तीन हजारांची वस्ती, त्यात साठीपुढचे तीनशे धरा. देशाचा आकडा गावाला जसाच्या तसा लागू होणार नाही, पण अंदाज येतो: पंचवीसेक जण आतून खचलेले, आणि त्यातल्या दोघा-तिघांनाच ते आजारपण आहे हे ठाऊक. बाकीचे ‘हातपाय गळाल्यागत होतंय’, ‘झोप न्हाई’, ‘जीव कशात लागंना’ म्हणत सलाइन लावून घेत फिरतात. सलाइनने बरं वाटतं, हे खरं आहे; तेवढा वेळ कुणीतरी शेजारी बसलेलं असतं.

तुमच्या आशाताईंकडे एक फॉर्म असतो, तिशीपुढच्या प्रत्येकाचा. रक्तदाब, साखर, तंबाखू असं सगळं विचारून झालं की त्यात मनाबद्दल दोन प्रश्न येतात: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का, आणि उदास वाटतंय का. चांगले प्रश्न आहेत, जगभर वापरतात. पण ते विचारले जातात कुठे? दारात. सून तांदूळ निवडत बसलेली, शेजारीण कान देऊन उभी. अशा वेळी कोणती म्हातारी म्हणेल की मला उदास वाटतं? ‘बरंय बाई, देवाच्या दयेनं’ असं उत्तर येतं, आशाताई शून्य लिहितात आणि पुढच्या घरी जातात. आशाताईंचा यात दोष नाही. पोलिओपासून आयुष्मान कार्डापर्यंत त्यांच्या पिशवीत काय नाही ते विचारा. पण हेच दोन प्रश्न म्हातारी आशाताईंबरोबर चार पावलं चालत असताना विचारले तर उत्तर वेगळं येईल.

गावात एकटेपणा नसतो, तो मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधला रोग, असं आपण छातीठोकपणे म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये या विषयावर अहवाल काढला. जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा छळतो, आणि त्याने फक्त मन कष्टी होतं असं नाही, आयुष्यही घटतं, असं त्यात आहे. आपली गावं त्याला अपवाद असण्याचं कारण मला दिसत नाही. भूम, वाशी, कळंबच्या सरपंचांनी दिवाळीनंतरचं आपलं गाव आठवावं. ऊसतोडीचे कोयते निघाले की अर्धी घरं कुलपात आणि अर्ध्यांत म्हातारा-म्हातारी नि शाळेतली नातवंडं. गुढीपाडव्याच्या सुमारास टोळ्या परत येईपर्यंत त्या म्हाताऱ्यांशी बोलायला घरात मोठं माणूस नसतं. ज्यांना गोळी आठवून द्यावी लागते, त्यांची गोळी याच दिवसांत चुकते. म्हणून यातलं काहीही सुरू करायचं असेल तर ते दिवाळीच्या आधी करा, उन्हाळ्यात उद्घाटनं करू नका.

उमरगा-लोहाऱ्याचं दुखणं आणखी वेगळं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाच्या पहाटे जे तिशी-पस्तिशीत होते, ते आज साठी ओलांडून गेलेत. सास्तूर आणि आसपासच्या गावांत ज्यांनी आपल्या हाताने लेकरं ढिगाऱ्यातून काढली, त्यांच्या म्हातारपणाचा विचार तेव्हा कोण करणार होतं? घरं बांधून मिळाली, चांगली मिळाली. लातूर आणि धाराशिव मिळून ५२ गावं नव्या जागी वसवली, आखीव प्लॉट, रुंद रस्ते. पण जुन्या गावात भिंतीला भिंत होती, ओट्यावरून ओट्यावर हाक जायची. नव्या गावठाणात शेजारी रस्त्यापलीकडे गेला, भावकी तिसऱ्या ओळीत. तरण्या पायांना ते अंतर काहीच नव्हतं. गुडघे गेलेल्या बाईला ते आता गाठता येत नाही. या सरपंचांनी रस्त्याच्या कडेला दर पन्नास-साठ पावलांवर एक सिमेंटचा बाक टाकला, तरी ते मानसिक आरोग्याचं काम ठरेल. मी थट्टेने म्हणत नाही.

आणि बाक टाकताना बायकांचा विचार करा. आपण पाराचं फार कौतुक करतो. पार हा बाप्यांचा. त्यातही मारुतीच्या पारावर कोण बसतं आणि कोण लांब उभं राहतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. वस्तीवरचा म्हातारा तिथे टेकत नाही, मोहल्ल्यातले चाचा तिथे येत नाहीत. बायकांचं बोलणं आडावर व्हायचं. पाणी घरात आलं, यायलाच हवं होतं, त्या घागरींनी दोन पिढ्यांच्या कमरा मोडल्या. पण आडावरचं बोलणं गेलं आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. तरण्या बायकांना बचत गट मिळाला. सत्तरीच्या बाईला हातउसनं तरी कोण देणार, मग बचत गटात कोण घेणार? तिच्या वाट्याला आलं हरिनाम सप्ताह आणि नवरात्रातली आराधी गाणी. त्या आराधी मंडळात कधी बसून पाहा. माझी मावशी एरवी चार शब्द बोलत नाही, पण आई भवानीची गाणी तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत येतात, आणि पुढची बाई कडवं विसरली की मागून मावशीच सांगते. नऊ दिवस तिला तिथे सगळ्या जणी नावाने हाक मारतात. दहाव्या दिवशी बंद.

देवाधर्माचा विषय निघालाच आहे तर तोही बोलते. मराठवाड्यात भानामती, करणी, बाहेरचं या गोष्टींनी अशा आजाऱ्यांचं फार वाटोळं केलंय. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. औषधोपचारापासून अडवून मांत्रिकाकडे पाठवणं हा त्यात गुन्हा आहे. पण माझं म्हणणं, सरपंचांनी देवाशी भांडण मांडू नये. तुळजापूरला जाऊन कुणाला बरं वाटत असेल, गावच्या दर्ग्यात गुरुवारी बसून कुणाचं मन शांत होत असेल, तर जाऊ द्यावं; तिथे चार माणसं तरी भेटतात. गोळी खिशात ठेवून जावं, एवढंच. आणि साखळी, मारहाण, उपाशी ठेवणं दिसलं तर मात्र भिडस्तपणा न करता पोलिसांना कळवावं.

आता तुम्ही विचाराल, नुसतं चालून, बसून, बोलून आजार बरा होतो का? दीर्घ आजार नुसत्या त्याने बरा होत नाही. औषध लागतंच. पण औषधाच्या जोडीला साध्या माणसांनी केलेल्या साध्या गोष्टींचा उपयोग होतो, याचा पुरावा आपल्या शेजारी गोव्यातच आहे. तिथल्या ‘संगत’ संस्थेने सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या, साठी ओलांडलेल्या, मनाने थोडं खचू लागलेल्या १८१ जणांवर एक प्रयोग केला. २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. निम्म्या लोकांकडे प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते जात. ते डॉक्टर नव्हते. जाऊन काय करायचे? झोपेचं वेळापत्रक लावून द्यायचे: दुपारची झोप कमी, झोप आली तरच आडवं व्हायचं. एखादी अडचण घेऊन ती कशी सोडवायची ते शेजारी बसून ठरवायचे. साखर-रक्तदाबाची काळजी कशी घ्यायची ते सांगायचे. आणि सरकारी योजनांचे कागद भरायला मदत करायचे. वर्षअखेर पाहिलं तर या गटातल्या ४ जणांना नैराश्याचा पुरा आजार झाला होता, दुसऱ्या गटातल्या १३ जणांना. त्या चार कामांतलं चौथं काम तर तुमच्या ग्रामपंचायतीत रोज चालतं. निराधारचा पगार वेळेवर सुरू झाल्याने म्हातारीला झोप लागते, हे तुम्ही पाहिलं असेल. गोव्याच्या संशोधकांनी या चार कामांचा मिळून उपयोग मोजून दाखवला.

गोव्यातले ते लोक सुरुवातीच्या पायरीवरचे होते, हे मुद्दाम सांगते. जुनाट स्किझोफ्रेनियाची गोष्ट अवघड आहे. त्यावर सातारा, गोवा आणि तामिळनाडूतल्या कांचीपुरममध्ये एक प्रयोग झाला, २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. तिथेही स्थानिक कार्यकर्ते घरोघरी जायचे, गोळ्या चालू आहेत का पाहायचे, माणसाला हळूहळू कामात आणि चारचौघांत आणायचे. फरक पडला, पण बेताचाच. मी यातून असं समजते की तीस वर्षांचा आजार गावाच्या चांगुलपणाने पळून जाणार नाही, पण माणूस स्वतःची अंघोळ स्वतः करेल, दुकानातून साखर आणेल, हिशोबाचे पैसे परत आणेल. घरच्यांना विचारा, हे किती मोठं आहे ते.

आपल्या जिल्ह्याला प्रयोगांची सवय नाही असंही नाही. शेतकरी आत्महत्यांच्या काळात, २०१५ मध्ये, बळीराजा चेतना अभियानासाठी राज्यातले दोनच जिल्हे निवडले, यवतमाळ आणि आपला. त्याच वर्षी प्रेरणा प्रकल्प आला, आशाताईंनी घरोघरी जाऊन खचलेली माणसं शोधली. तेव्हा सगळ्यांची नजर कर्त्या शेतकऱ्यावर होती, आणि ती रास्त होती. पण ज्या घरात कर्ता गेला, त्या घरातला बाप आज कुठे बसलाय, काय खातोय, कुणाशी बोलतोय, हे पाहणं राहून गेलं. ते आता तरी करा.

पैशांचं बोलू. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो, हे तुम्हाला माहीत आहे. त्यातून काय वाटलं जातं हेही माहीत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि मानसिक आजार त्यात आहे. तुमच्या यादीत अस्थिव्यंग असतील, अंध असतील, कर्णबधिर असतील. मानसिक आजाराचा एक तरी आहे का, पाहा. नसेल तर त्याचं कारण प्रमाणपत्र. त्यासाठी जिल्ह्याला जावं लागतं, मानसोपचारतज्ज्ञाने तपासावं लागतं, ४० टक्के भरावे लागतात. पंचाहत्तरीपुढे एसटी फुकट आहे, पासष्टीपुढे अर्धं तिकीट, बायकांना अर्धं तिकीट. तिकिटाने कुणी अडत नाही. अडतं ते सोबतीला जाणाऱ्या माणसाच्या बुडालेल्या हजेरीने. महिन्यातून एक दिवस गावातल्या अशा चार-पाच जणांना मिळून एक जाणता माणूस सिव्हिलला घेऊन गेला, त्याची हजेरी त्या निधीतून निघाली, तर पाच घरांचे पाच रोज वाचतील, गोळ्या चुकणार नाहीत आणि जाता-येता पाच जणांची एकमेकांशी गाठ पडेल. स्टँडवरचा चहा आणि वडापाव हासुद्धा उपचारात धरा.

धाराशिवला २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्टरकी शिकणाऱ्या प्रत्येक पोराला आता पहिल्या वर्षापासून गावातली काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांची तब्येत पाहावी लागते. जवळच्या गावांनी अधिष्ठात्यांना पत्र देऊन सांगावं, दत्तक घरांत आमची ही तीन घरंही घ्या. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं आवार १९८६ पासून आहे, त्यांची मुलं गावोगाव फिरतात; त्यांनाही बोलवा. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्यांना एकरकमी ३ हजार मिळतात ते चष्मा, काठी, श्रवणयंत्र, कंबरपट्टा अशा साधनांसाठी, पण योजनेच्या उद्देशात मनःस्वास्थ्य केंद्राचाही उल्लेख आहे. श्रवणयंत्राचा अर्ज आधी भरून घ्या. ऐकू येईनासं झालं की माणूस चारचौघांतून आपणहून उठतो, आणि मग लोक म्हणतात, तो तुसडा झाला.

खर्च न लागणारं काम एकच मागते. आठवड्यातले दोन दिवस, संध्याकाळी ऊन उतरल्यावर, शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या पडवीत सगळ्या ज्येष्ठांनी जमायचं. जागा अशी निवडा की जिथे यायला कुणालाच परवानगी लागत नाही. थोडं चालायचं, झेपेल तेवढं. उपकेंद्रातल्या ताईंनी रक्तदाब मोजायचा. मग ज्याला जे येतं ते: अभंग, आराधी, कव्वाली, पत्ते, सोंगट्या, शेंगा फोडणं. या बैठकीला मनोरुग्णांचं केंद्र वगैरे नाव देऊ नका, फलक तर अजिबात लावू नका. कुणाला कोणता आजार आहे हे ग्रामसभेत बोलायचं नाही; २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्याला ती गुप्तता दिली आहे, आणि समाजात, लोकांमध्ये राहण्याचा हक्कही. फक्त ज्यांना बोलावणं जात नाही, त्यांच्या घरी तुम्ही स्वतः जाऊन बोलावा. सरपंच दारात आला की घरचेही त्या माणसाला धुतलेले कपडे घालून पाठवतात. पहिल्या दोन-चार वेळा लोक लांब बसतील. कुजबूज होईल. एखाद्या दिवशी तो चिडेल, उठून जाईल. पुन्हा बोलवा.

ठरावाने काय होतं, असं म्हणू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही असा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तो इतर गावांपुढे ठेवला. सांगलीतल्या मोहित्यांच्या वडगावने त्याच वर्षी संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. तो वाजला की दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद. पिढ्यान्‌पिढ्यांची रूढी आणि हातातला मोबाइल, या दोन्हींवर ग्रामपंचायतीचं चालतं, तर शेवटच्या पंगतीवर का चालू नये?

कुणाचं फारच बिनसलं, जिवाचं काही करून घेण्याची भाषा आली, तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. ज्येष्ठांच्या छळाची, निराधारपणाची तक्रार असेल तर १४५६७. हे दोन आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या, पाणीपट्टीच्या सूचनेशेजारी. ती भिंत सगळे वाचतात.

येत्या ग्रामसभेची नोटीस काढताना ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना सांगून विषयपत्रिकेत एक विषय घाला: गावातल्या ज्येष्ठांची आठवड्यातून दोनदा बैठक, आणि दिव्यांग निधीच्या यादीत मानसिक आजाराच्या रुग्णांचा समावेश. ठराव मंजूर झाला की दुसऱ्या दिवशी पहिलं बोलावणं घेऊन तुम्ही स्वतः जा.

आपली नम्र,
कळंब तालुक्यातली एक रहिवासी